यहूदाने ‘धरून दिले’ म्हणजे नेमके काय? : वादाची पार्श्वभूमी

येशूच्या बारा शिष्यांपैकी यहूदाने तीस नाण्यांसाठी गेथशेमाने बागेत चुंबनाची खूण करून त्याला शत्रूंच्या हाती दिले, हे सगळे वाचकांना ठाऊक आहे. वाद त्या रात्री काय घडले याचा नाही. येशूचे मरण देवाने आधीच योजले होते आणि त्यातूनच जगाचे तारण झाले असे मानले, तर ज्याच्या हातून ते घडले त्याला दोष कसा लावायचा, हा खरा पेच आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू म्हणतो की मनुष्याचा पुत्र लिहिल्याप्रमाणेच जात आहे, पण त्याला धरून देणाऱ्याची मात्र दुर्दशा होणार. लिहिलेलेही आहे आणि दोषही आहे. पुढच्या प्रत्येक पक्षाने या वचनाचा आपल्याला हवा तो अर्धा भाग मोठ्याने वाचला.

गुंता शब्दापासूनच सुरू होतो. आपण सहज ‘विश्वासघात’ म्हणतो, इतिहासाच्या सवयीने ‘फितुरी’ही म्हणतो. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ मात्र नुसता ‘हवाली करणे’ असा आहे. प्रचलित मराठी बायबलातले ‘धरून देणे’ त्याच्या बरेच जवळ जाते. हेच क्रियापद बायबलच्या नव्या करारातील प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात देवासाठी आले आहे: त्याने आपल्या पुत्राला राखून न ठेवता आपल्या सर्वांसाठी दिले. गलतीकरांस पत्रात येशू स्वतःला देतो, तिथेही तेच. बाप देतो, पुत्र स्वतःला देतो, शिष्यही देतो. मराठीत एका जागी ‘धरून देणे’ आणि दुसऱ्या जागी साधे ‘देणे’ आल्यामुळे हा धागा आपल्या नजरेतून निसटतो. यहूदाला उघड ‘द्रोही’ म्हणणारे नाम चारही शुभवर्तमानांत (येशूच्या चरित्रग्रंथांत) एकदाच आढळते, लूकच्या ६ व्या अध्यायातल्या शिष्यांच्या यादीत.

उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टीन या बिशपने ५ व्या शतकाच्या आरंभी हे नेमके हेरले होते. त्याने सांगितले की देणे तिघांचेही आहे, पण बाप आणि पुत्र यांच्या देण्यामागे प्रेम होते, यहूदाच्या मनात घात होता. कृत्याचे मोल हेतूवर ठरते. या उत्तरावर पश्चिमेकडच्या चर्चने हजार वर्षे निभावून नेले. त्याच बिशपने यहूदाने नंतर स्वतः घेतलेल्या गळफासाला पश्चात्ताप न मानता आणखी एक अपराध मानले, आणि त्या मताचे ओझे पुढे आत्महत्या केलेल्यांच्या असंख्य कुटुंबांना वाहावे लागले.

पेच खऱ्या अर्थाने पेटला तो १६ व्या शतकात. १५२२ मध्ये प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचे केंद्र असलेल्या जर्मनीतल्या विटेनबर्गहून आलेल्या रोमकरांस पत्रावरच्या टिपणांत मेलांख्थॉन या तरुण प्राध्यापकाचे विधान छापले गेले की यहूदाचा घात हे पौलाच्या पाचारणाइतकेच, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या पौलाला येशूने बोलावून घेतले तितकेच, देवाचे काम आहे. १५२४ मध्ये रॉटरडॅमच्या इरॅस्मस या पंडिताने इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली: देवाला आधी कळले म्हणून माणसावर सक्ती होत नाही. पुढच्याच वर्षी विटेनबर्गच्या सुधारकाचे, मार्टिन लूथरचे, उत्तर आले. देवाने यहूदाचा द्रोह आधी जाणला, तर तो टळणे शक्यच नव्हते. मात्र यहूदाने तो कोणाच्या जबरदस्तीने केला नाही, आपखुशीने केला. ‘अटळ’ आणि ‘जबरदस्तीचे’ यांतला हा फरक फार महत्त्वाचा आहे आणि आजही तो सर्रास विसरला जातो.

मग १३ जानेवारी १५४७ रोजी ट्रेंट येथील कॅथलिक चर्चच्या परिषदेने आपल्या सहाव्या सत्रात निर्णय दिला. वाईट मार्ग धरणे माणसाच्या हाती नाही, वाईटही देवच करतो, आणि केवळ होऊ देत नाही तर खऱ्या अर्थाने स्वतः करतो, इतके की यहूदाचा घात पौलाच्या पाचारणाइतकाच त्याचे काम ठरतो, असे जो म्हणेल तो बहिष्कृत. देवाच्या चांगुलपणाला धक्का लागू न देण्याचा हा आग्रह मला पूर्ण पटतो. पण हा निर्णय वाचताना तीन गोष्टी समोर ठेवायला हव्यात. पहिली, १५२२ चे ते विधान विटेनबर्गने तोवर सोडून दिले होते. १५३० मध्ये ऑग्सबुर्गला सादर केलेल्या विश्वासकबुलीत पापाचे कारण दुष्टांची इच्छा हेच आहे, असे त्यांनी स्वतःच लिहिले होते. दुसरी गोष्ट भाषेची. लॅटिन बायबलमध्ये देवाच्या देण्यालाही आणि यहूदाच्या देण्यालाही एकच क्रियापद आहे; परिषदेने मात्र यहूदासाठी ‘प्रोदितिओ’, म्हणजे उघड द्रोह, हा शब्द वापरला. शब्द निवडला तिथेच अर्धा निकाल लागला होता. तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते: यहूदा नरकात गेला, असे त्या कलमात कुठेही म्हटलेले नाही. तरीही पिढ्यान्‌पिढ्या व्यासपीठावरून ते तसेच ऐकवले गेले.

जिनिव्हातल्या प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनने ‘देव फक्त होऊ देतो’ ही पळवाट म्हणून नाकारली, आणि १५५९ मध्ये आधार घेतला तो त्याच आफ्रिकी बिशपचा. ट्रेंटची कॅथलिक आणि जिनिव्हाची प्रोटेस्टंट, या दोन्ही परंपरा आपल्याकडे पोचल्या: पहिली पोर्तुगिजांबरोबर वसईला, दुसरी अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांबरोबर मुंबई, अहमदनगर, पुण्याला.

अलीकडे भर पश्चात्तापावर आला आहे. मत्तय २७ मध्ये यहूदा ‘पस्तावला’ असे म्हटले आहे. तिथले ग्रीक क्रियापद खऱ्या मनपरिवर्तनाचे नाही, नुसत्या हळहळीचे आहे, असा युक्तिवाद वर्षानुवर्षे चालत आला. पण मत्तय २१ मधल्या दोन मुलांच्या दाखल्यात आधी नकार देऊन नंतर मळ्यात जाणारा मुलगा याच क्रियापदाने ‘पस्तावतो’, आणि त्याला तर येशू आज्ञाधारक ठरवतो. शिवाय यहूदा नाणी परत करतो, आपण निर्दोष रक्त धरून दिल्याचे कबूल करतो. याजकांचे उत्तर येते, ‘त्याचे आम्हाला काय?’ कबुली देणाऱ्याला तिथेच दार बंद झाले, हे मी हा उतारा वाचताना कधीच विसरू शकत नाही.

१९१७ च्या कॅथलिक धर्मविधी संहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा दफनविधी नाकारला होता. १९८३ च्या संहितेतून ते कलम गेले. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने यहूदाचे वैयक्तिक पाप देवालाच ठाऊक असल्याचे म्हटले, आणि देवाच्या अनादि योजनेत प्रत्येकाचा मुक्त प्रतिसाद धरलेला असतो, असेही नोंदवले.