बराकीतली तिसरी रात्र

नव्याने आलेला न्यायालयीन बंदी दोन दिवस गप्प असतो आणि तिसऱ्या रात्री घामाने निथळत, थरथरत्या हाताने भिंतीवरचे नसलेले किडे झटकू लागतो, तेव्हा बराकीत कोणी त्याला सोंग म्हणते, तर कोणी बाहेरची बाधा. पहाऱ्यावरचा शिपाई कोकणातलाच असेल तर दुसरी शक्यता त्यालाही अगदीच टाकाऊ वाटत नाही. प्रत्यक्षात हा बहुधा कंपोन्माद असतो, म्हणजे दारू एकाएकी तुटल्याने येणारी थरथर आणि भासांची अवस्था.

मद्य मेंदूतील शमन करणाऱ्या ‘गाबा’ यंत्रणेचा जोर वाढवते. रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल राखण्यासाठी उत्तेजक यंत्रणा चढवून ठेवतो, आणि अटकेमुळे मद्य एकाएकी तुटले की ही उत्तेजना मोकाट सुटते. शेवटच्या घोटानंतर साधारण ४८ ते ९६ तासांत भास, कंप आणि संभ्रम दिसू लागतात. उपचार न झाल्यास ते जिवावर बेतू शकते. म्हणूनच ‘आज वार कोणता, आपण कुठे आहोत’ हे साधे प्रश्न विचारण्याची सवय शिपायांना प्रशिक्षणात लावावी लागते: उत्तरे भरकटत असतील तर तो शिस्तीचा नव्हे, तातडीच्या वैद्यकीय मदतीचा विषय ठरतो.

अमेरिकेतील मेम्फिस शहरात १९८८ मध्ये पोलिसांसाठी मानसिक संकटातल्या माणसाला हाताळण्याचे ४० तासांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि पुढे तुरुंगांनीही ते स्वीकारले. अशा प्रशिक्षणातले धडे साधे असतात: एकानेच बोलावे, आवाज खाली ठेवावा, हातभर अंतर राखावे, भास खोटा ठरवू नये पण त्याला दुजोराही देऊ नये, आत्महत्येचा विचार येतो का हे सरळ विचारावे. (असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे.) अशा प्रशिक्षणाने कर्मचाऱ्यांची जाण व दृष्टिकोन सुधारतो, याचे पुरावे बऱ्यापैकी आहेत, इजा कमी होतात याचे मात्र तितकेसे ठाम नाहीत.

आपल्याकडे मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधील कलम ३१ कारागृहातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देण्यास सांगते. शिपायाचा उल्लेख त्यात नाही, आणि मला हीच उणीव सर्वांत मोठी वाटते, कारण मध्यरात्री गजांपाशी असतो तो शिपाईच. रत्नागिरीत विशेष कारागृह आणि प्रादेशिक मनोरुग्णालय एकाच शहरात आहेत. सावंतवाडीच्या कारागृहापासून मात्र ते मनोरुग्णालय महामार्गाने काही तासांवर आहे, आणि पावसाळ्यात त्याहून लांब.