हायस्कूलच्या नंबरामागचा हिशेब

अमेरिकेत घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांत ‘तिथली शाळा कितव्या नंबरची?’ हा प्रश्न हटकून निघतो. सरकारी शाळा बहुधा राहत्या पत्त्यावरून मिळते, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण या क्रमवारीचं मूळ श्रीमंत वस्तीत नाही.

पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये बहुतेक मुलं गरीब मेक्सिकन-अमेरिकन घरांतली. बोलिव्हियाहून आलेले हायमे एस्कलांते तिथं गणित शिकवत. १९८२ मध्ये त्यांची १८ मुलं कॉलेजच्या तोडीची एपी कॅल्क्युलस परीक्षा पास झाली. त्यांतल्या १४ जणांवर कॉपीचा संशय घेतला गेला. १२ जण पुन्हा परीक्षेला बसले आणि सगळे पास झाले!

या शाळेचा मागोवा घेणारे ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे पत्रकार जे मॅथ्यूज यांनी पुढे ‘चॅलेंज इंडेक्स’ काढला. १९९८ मध्ये ‘न्यूजवीक’ने त्यावरून यादी छापली. हिशेब सोपा होता: शाळेत दिलेले एपी आणि तशाच वरच्या पातळीच्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) परीक्षांचे पेपर भागिले त्या वर्षी बाहेर पडणारे विद्यार्थी. २०० विद्यार्थी आणि ५०० पेपर असतील तर निर्देशांक अडीच. गुण मुद्दामच धरले नव्हते, कारण ते धरले की कच्च्या मुलांना परीक्षेपासून लांब ठेवण्याचा मोह शाळांना होतो. नापासाचा पेपरही तेवढाच मोजला जातो, ही टीका मात्र रास्त होती.

२००२ च्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यानं वाचन आणि गणिताच्या चाचण्या देशभर सक्तीच्या केल्या, आणि शाळाशाळांचे आकडे हाती आले. २००७ पासून ‘यूएस न्यूज’ या प्रकाशनाची यादी निघू लागली. २०१९ मध्ये तिनं सूत्र बदललं: कॉलेजची तयारी ३० टक्के, राज्य चाचण्यांतली पातळी २०, अपेक्षेच्या तुलनेत कामगिरी २०, वंचित गटांची कामगिरी, अभ्यासक्रमाचा आवाका आणि हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण प्रत्येकी १०.

यांत ‘अपेक्षेच्या तुलनेत’ हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. मुलांच्या घरची गरिबी वगैरे लक्षात घेऊन तो शाळेचं काम जोखतो. चाचणीच्या गुणांवर घरच्या परिस्थितीचा दाट ठसा असतो, हे शिक्षणातल्या समान संधींवरच्या १९६६ च्या सरकारी कोलमन अहवालातच आलं होतं. व्हर्जिनियातली थॉमस जेफरसनसारखी निवडून प्रवेश देणारी शाळा वरच्या नंबरांत असते, तेव्हा त्या नंबरात शिकवण्याइतकाच निवडीचाही वाटा असतो. म्हणून ओळखीचं कुणी घर बघायला निघालं, की एकूण नंबराआधी मुलांची वर्षभरातली प्रगती दाखवणारा आकडा उघडा, असं मी आवर्जून सांगतो.