फुप्फुसाला लाइट घेण्याआधी हृदयाची तपासणी कशाला?

टूडी इकोसाठी (म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी) आमच्या सेंटरमध्ये येणारे फुप्फुसाच्या कॅन्सरचे बहुतेक पेशंट हेच विचारतात. गाठ फुप्फुसात, लाइट (म्हणजे रेडिएशन) फुप्फुसाला, मग हृदयाचा काय संबंध?

संबंध शेजाराचा. हृदय दोन्ही फुप्फुसांच्या मधोमध, जरासं डावीकडे असतं. गाठ मध्यभागी किंवा डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात असली, की किरणांचा काही वाटा हृदयाला मिळतोच. ऑपरेशन होण्यासारखं नसतं तेव्हा साधारण ६० ग्रेचा (ग्रे म्हणजे किरणांचं माप) डोस ३० वेळा विभागून, सहा आठवडे देतात. जास्त डोसने जास्त गुण येईल असं वाटून अमेरिकेत ६० आणि ७४ ग्रेची तुलना झाली. २०१५ साली निकाल छापून आला तो उलटाच: ७४ ग्रेवाले पेशंट कमी जगले. हृदयाला किती किरणं लागली, याचाही जगण्याशी संबंध दिसला. तेव्हापासून लाइटचं प्लॅनिंग करताना डॉक्टर हृदयाचा डोस जास्त बारकाईने बघतात.

त्रास कोणता होतो? हृदयाच्या आवरणात पाणी साठणं, ठोके अनियमित पडणं, रक्तवाहिन्या अरुंद होणं, पंपिंग कमी होणं. झडपांचं दुखणं सहसा बऱ्याच वर्षांनी येतं. बाकीचं मात्र पहिल्या एक-दोन वर्षांतही दिसू शकतं, विशेषतः आधीच हृदयविकार, बीपी, शुगर किंवा विडी-सिगारेटची सवय असेल तर.

घोटाळा होतो तो दम लागण्यावरून. लाइटनंतर काही महिन्यांत फुप्फुसालाही सूज येते, त्यामुळे घरचे म्हणतात, "फुप्फुसाचंच आहे, लागणारच." पण आडवं पडल्यावर दम वाढत असेल, दोन उशांवर भागायचं तिथे तीन लागत असतील, पाय सुजत असतील, धडधड होत असेल, तर कॅन्सरच्या डॉक्टरांना लगेच सांगा. छातीत जोरात दुखलं किंवा चक्कर येऊन पडलात तर आमच्याकडे अपॉइंटमेंट घेत बसू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा.

लाइट सुरू होण्याआधीचा ईसीजी आणि इको फार उपयोगी पडतो, कारण पुढे काही बदललं तर तुलनेला काहीतरी हातात असतं. त्यानंतर कधी करायचा हे डॉक्टर ठरवतील. उगाच दर महिन्याला करू नका. त्यात फायदा आमचाच. आणि हे वाचून घाबरून लाइट अर्धवट सोडू नका. कॅन्सर तसाच राहण्याचा धोका याहून मोठा आहे.

लाइट चालू असताना येणार असाल तर लाइटची जागा ठरवायला छातीवर काढलेल्या शाईच्या खुणा आत आल्या आल्या दाखवा. इकोची जेल पुसताना त्या पुसल्या जाऊ शकतात, म्हणून आम्ही तेवढ्या जागी कापूस नुसता टेकवतो, घासत नाही. कातडी लाल झाली असेल तर प्रोबही (छातीवर टेकवायचं इकोचं यंत्र) हलक्या हाताने फिरवतो. सपाट झोपवत नसेल तर तेही सांगा, पाठीमागून कॉट उचलून घेऊ.

येताना जुना इको, चालू गोळ्यांची यादी आणि लाइट पूर्ण झाली असेल तर डोस लिहिलेला समरीचा कागद आणा.