बाह्य माध्यमावरून बूटिंग (जुन्या लॅपटॉपचे दोषनिदान)

लॅपटॉपमधील डिस्कवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमला हात न लावता पेनड्राइव्ह, सीडी-डीव्हीडी किंवा बाहेरून जोडलेल्या डिस्कवरून यंत्र सुरू करण्याची पद्धत. जुना लॅपटॉप वारंवार हँग होऊ लागला, मध्येच बंद पडू लागला किंवा विंडोज उघडेनाशी झाली, की दोष यंत्राचा आहे की सॉफ्टवेअरचा हे ठरवण्यासाठी ती वापरतात. नवे सुटे भाग विकत घेण्याआधी किंवा डिस्क फॉरमॅट करण्याआधी ही तपासणी व्हायलाच हवी. घाईने केलेल्या फॉरमॅटमध्ये वर्षानुवर्षांचे फोटो आणि कागदपत्रे जातात आणि मूळ बिघाड तसाच राहतो.

बटण दाबल्यावर बायोस (मदरबोर्डवरच्या चिपमधले, यंत्र सुरू करणारे सॉफ्टवेअर), किंवा नंतरच्या यंत्रांत त्याची जागा घेणारे यूईएफआय, आधी प्रोसेसर, रॅम, कीबोर्ड यांची प्राथमिक तपासणी करते आणि मग ठरलेल्या क्रमाने बूट होण्याजोगे माध्यम शोधते. हा क्रम सेटिंगमध्ये कायमचा बदलता येतो किंवा सुरुवातीलाच एफ१२, एफ९, एस्केप अशी कळ दाबून तेवढ्यापुरता निवडता येतो. कळ कंपनीगणिक वेगळी असते.

सीडीवरून बूट करण्याचे ‘एल टोरिटो’ हे मानक फिनिक्स आणि आयबीएम यांनी १९९५ मध्ये मांडले. त्याआधी हे काम फ्लॉपीवर चाले. २००० मध्ये जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी ‘नॉपिक्स’ आणले. संपूर्ण लिनक्स (विंडोजसारखीच एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) दाबून एका सीडीत बसवलेले, डिस्कवर काहीही न बसवता सीडीवरून आणि रॅममध्ये चालणारे. अशा, डिस्कवर न बसवता थेट चालणाऱ्या ‘लाइव्ह’ प्रणालीमुळे दुरुस्ती करणाऱ्याच्या खिशात एक आख्खा, खात्रीचा संगणक आला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

जुन्या यंत्रांत अडचणी येतात त्या अशी प्रणाली बूट करतानाच. काहींचे बायोस यूएसबीवरून बूट करत नाही. तेव्हा सीडी ड्राइव्ह वापरावा लागतो, किंवा ‘प्लॉप’सारखा छोटा बूट मॅनेजर सीडीवरून चालवून पुढचे काम पेनड्राइव्हकडे सोपवता येते. ३२-बिट प्रोसेसरवर ६४-बिट प्रणाली चालत नाही, आणि बऱ्याच लिनक्स वितरणांनी (लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार संचांनी) ३२-बिट आवृत्त्या बंद केल्या आहेत. विंडोज ८ च्या काळापासूनच्या यंत्रांत सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त प्रणालीलाच सुरू होऊ देणारी सोय) आडवे येऊ शकते. बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कूटबद्ध करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बूटच्या सेटिंग बदलण्यापूर्वी रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा लांब अंकी संकेत, हाताशी ठेवावी.

निष्कर्ष काढताना खरी कसोटी लागते. लाइव्ह प्रणालीतही यंत्र तसेच गोठले, तर संशय रॅम, मदरबोर्ड, तापमान किंवा वीजपुरवठ्याकडे जातो. लाइव्हमध्ये सगळे सुरळीत चालले, तर विंडोज, तिचे ड्रायव्हर किंवा ती ज्या डिस्कवर आहे ती डिस्क, यांपैकी काहीतरी बिघडले आहे. डिस्क या यादीतून आपोआप सुटत नाही, ही गोष्ट हमखास विसरली जाते. शक्य असेल तर डिस्क काढून ठेवून लाइव्ह चालवून पाहावे. मरायला टेकलेली डिस्क नुसती जोडलेली असली तरी संपूर्ण यंत्र अडखळू शकते. उलटपक्षी लाइव्हमध्ये वायफाय चालले नाही, म्हणून कार्ड खराब असे म्हणता येत नाही. त्या कार्डाला चालू होण्यासाठी लागणारे फर्मवेअर (छोटे अंतर्गत सॉफ्टवेअर) त्या प्रणालीत नसणे हे नेहमीचे कारण आहे.

रॅम तपासणारे ‘मेमटेस्ट८६+’ हे साधन ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय थेट बूट होते. त्याच्या अनेक फेऱ्या, शक्यतो रात्रभर, होऊ द्याव्यात. चूक दिसली तर रॅमची एकेक पट्टी काढून, स्लॉट बदलून पुन्हा चाचणी घ्यावी, कारण दोष पट्टीऐवजी स्लॉटमध्येही असू शकतो. डिस्कची प्रकृती ‘स्मार्ट’ नोंदींतून, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवत असलेल्या नोंदींतून, कळते. बदललेल्या (खराब म्हणून बाजूला काढलेल्या) आणि प्रलंबित (नीट वाचता न येणाऱ्या) सेक्टरांचे, म्हणजे डिस्कच्या छोट्या तुकड्यांचे, आकडे वाढत असतील तर डिस्क जाण्याच्या वाटेवर आहे. सीआरसी चुका (माहिती पाठवताना झालेल्या चुका) मात्र बहुधा केबल किंवा जोडणीकडे बोट दाखवतात.

जाण्याच्या वाटेवर असलेल्या डिस्कवर दुरुस्तीची साधने चालवण्याआधी माहिती बाहेर काढणे महत्त्वाचे. ‘डीडीरेस्क्यू’ हे माहिती काढण्याचे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उचलते आणि खराब जागांकडे नंतर वळते. विंडोज फास्ट स्टार्टअपने (पूर्ण बंद न होता स्थिती डिस्कवर साठवून ठेवण्याच्या सोयीने) बंद झाली असेल, तर तिचे विभाजन, म्हणजे डिस्कचा तिचा भाग, फक्त वाचण्यापुरते उघडावे. त्यावर लिहिल्यास फाइल प्रणाली बिघडू शकते.

बायोसच्या पडद्यावरच रेघा दिसत असतील तर बूट करून पाहण्याची गरज उरत नाही. बाहेरचा मॉनिटर जोडला की दोष पॅनेल-केबलचा की ग्राफिक्सचा, याचा अंदाज येतो. प्राथमिक तपासणीच पार न करणाऱ्या लॅपटॉपला पेनड्राइव्हचा उपयोग नाही. तिथे बीपचे संकेत, चार्जर आणि पट्ट्यांची बैठक तपासावी. बूटचा क्रम आणि तारीख दर वेळी पुसली जात असेल, तर आधी मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा छोटा सेल बदलावा.