१७ मिनिटं

‘तो स्वतःचा एवढा तिरस्कार करतो, म्हणजे आपण काय केलंय याची जाणीव त्याला आहेच की!’ ‘बोजॅक हॉर्समन’ या ॲनिमेशन मालिकेच्या (२०१४ ते २०२०) नायकाची अशी बाजू घेणारे मला नेहमी भेटतात. मानसशास्त्र मात्र जवळजवळ उलटं सांगतं.

बोजॅक म्हणजे माणसांसारखा वावरणारा घोडा. एकेकाळी टीव्हीवर गाजलेला, आता दारूत बुडालेला नट. चौथ्या सीझनमधल्या एका भागात त्याच्या डोक्यातला आवाज आपल्याला ऐकू येतो. जाग आल्यापासून तो त्याला शिव्या घालत असतो. त्या शिव्या नीट ऐका. ‘मी अमुक केलं’ हे त्यात फारसं येत नाही, ‘मी नालायक आहे’ हेच पुन्हा पुन्हा येतं.

मानसशास्त्रज्ञ हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ मध्ये हाच फरक मांडला. अपराधभावात बोट कृतीकडे असतं, शरमेत अख्ख्या ‘मी’कडे. कृती चुकली असेल तर माफी मागता येते, भरपाई करता येते. पण ‘मी’च सडका असेन तर दुरुस्त करायचं काय? मग त्या वेदनेतून सुटायच्या दोन वाटा जवळच्या वाटतात: लपणं आणि दुसऱ्यावर खापर फोडणं. शिवाय शरमेत नजर स्वतःवरच खिळते. ज्याचं नुकसान झालं तो माणूस चित्रातून बाहेर जातो.

मानसशास्त्रज्ञ जून टँगनी आणि सहकाऱ्यांनी कैद्यांचा अभ्यास करून २०१४ मध्ये निष्कर्ष छापले. अपराधभावाकडे कल असलेले कैदी सुटकेनंतरच्या वर्षात कमी गुन्हे करत होते. शरमेचा परिणाम दुहेरी निघाला. ती दोष बाहेर ढकलायला लावते आणि त्या मार्गाने गुन्हे वाढतात. गणितात तो मार्ग वेगळा काढला, तर उरलेली शरम उलट गुन्ह्याला आवर घालते. म्हणजे शरमेची बेरीज शून्याजवळ दिसली तरी आत दोन विरुद्ध ओढी चालू असू शकतात.

आता सारा लिनचा मृत्यू आठवा. ती बोजॅकच्या जुन्या टीव्ही मालिकेतली त्याची बालसहकलाकार, आता मोठी झालेली. बोजॅकसोबत नशा केल्यावर ती बेशुद्ध पडते आणि तो मदत बोलवायला १७ मिनिटं थांबतो, स्वतःला वाचवणारी गोष्ट रचता यावी म्हणून. त्या १७ मिनिटांत आत्मतिरस्कार होताच. त्याने फोन उचलायला लावला नाही.

बोजॅकची आई त्याला सांगते की तू जन्मतःच मोडलेला आहेस. ‘रक्तच वाईट’ ही अंधश्रद्धाच आहे, आणि घातकही, कारण तिच्यात सुधारायला जागाच ठेवलेली नाही.

शेवटच्या सीझनमध्ये सारा लिनच्या मृत्यूवरून बोजॅक टीव्हीवर दोन मुलाखती देतो. त्यातली दुसरी मला म्हणूनच फार मोलाची वाटते. मुलाखतकार त्याला ‘तू कसा आहेस’ यात रमू देत नाही. कोणाशी, कधी, काय केलंस, हेच विचारत राहते. तिथे त्याची नेहमीची आत्मनिंदा कामी येत नाही. पुढे त्याला तुरुंगवास होतो तो विकून टाकलेल्या आपल्याच जुन्या घरात घुसल्याबद्दल. १७ मिनिटांबद्दल नाही.