डिव्हिजन टू की डिव्हिजन थ्री? कॉलेज फुटबॉलमधली नेहमीची गल्लत

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधलं (सॉकर नव्हे, चेंडू हातात घेऊन पळायचं अमेरिकन फुटबॉल) डिव्हिजन टू आणि डिव्हिजन थ्री ऐकलं की आपल्याला क्लब क्रिकेटचे 'ब' आणि 'क' गट आठवतात. जिंकलात तर वर, हरलात तर खाली. तिथे तसं काही नसतं. सगळे सामने हरलेला संघही आहे तिथेच राहतो आणि विजेताही आपोआप वर चढत नाही. कोणत्या डिव्हिजनमध्ये खेळायचं हे कॉलेजच ठरवतं, आणि त्यात कळीचा मुद्दा असतो खेळाडूला खेळासाठी पैसे द्यायचे की नाहीत.

डिव्हिजन टूमध्ये देतात, पण हात राखून. फुटबॉलसाठी जास्तीत जास्त ३६ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम, आणि संघात मुलं शंभराच्या आसपास. मग तीच रक्कम वाटून पुरवायची. कुणाची निम्मी फी सुटते, कुणाचा पुस्तकांचा खर्च, कुणाच्या हाती काहीच लागत नाही. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्तीच नाही. गुणांवर किंवा घरची परिस्थिती बघून मिळणारी मदत इतर विद्यार्थ्यांसारखीच मिळते.

दोन इंजिनिअरिंग कॉलेजांची नावं घेतली की हे चटकन कळेल. कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्स डिव्हिजन टूमध्ये आहे. २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यांनी अंतिम सामना गाठला आणि दोन्ही हरले. दुसऱ्यांदा त्यांना हरवणाऱ्या हार्डिंगनं त्या हंगामात नुसतं चेंडू हातात घेऊन पळत ६,००० यार्डांच्या वर मजल मारली होती. एमआयटी मात्र डिव्हिजन थ्रीमध्ये. २०१४ मध्ये साखळीत अपराजित राहून ते प्लेऑफला पोहोचले आणि मेन राज्यातल्या हसनला जादा वेळेत २७-२० असं हरवलं. आपली कितीतरी मुलं एमएससाठी जातात त्या कार्नेगी मेलन आणि केस वेस्टर्नचे संघही डिव्हिजन थ्रीतच आहेत. तिथे शिकणाऱ्यांनी एखाद्या शनिवारी मैदानावर जाऊन सामना जरूर बघावा.

प्लेऑफचा साचा दोन्हीकडे सारखाच, हरलात की घरी. उपांत्य फेरीपर्यंतचे सामने वरच्या मानांकनाच्या कॉलेजच्याच मैदानावर होतात, नोव्हेंबर-डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत. २०२४ मध्ये डिव्हिजन टूत २८ संघ होते, थ्रीत ४०. थ्रीत बहुतेक जागा आपापल्या कॉन्फरन्सच्या (म्हणजे कॉलेजांच्या साखळी गटाच्या) विजेत्यांना मिळतात, त्यामुळे सहसा कुणी नाव न घेतलेलं छोटं कॉलेजही आत येतं. मला तरी हेच जास्त भावतं.

थ्रीच्या अंतिम सामन्याला स्टॅग बोल म्हणतात. २०२३ चा व्हर्जिनियातल्या सेलममध्ये झाला. शेवटाकडे गुण होते कोर्टलंड ३८, नॉर्थ सेंट्रल ३१. शेवटच्या दोन मिनिटांत नॉर्थ सेंट्रलनं टचडाउन केला (चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की सहा गुण), ३८-३७. त्यानंतर मिळणारी एका गुणाची किक मारली असती तर बरोबरी झाली असती. त्यांनी किक नाकारली, दोन गुणांसाठी चाल केली, आणि ती अडवली गेली. तिथेच विजेतेपद गेलं. त्या चालीत भिडलेल्या बावीस जणांपैकी एकालाही खेळाची शिष्यवृत्ती नव्हती.