पार्श्वभूमी : ह्युब्रिस, म्हणजे गर्व की माज?

ग्रीक शोकांतिका शिकवताना फळ्यावर एक जिना हमखास काढला जातो. आधी कोरोस म्हणजे सुबत्तेने आलेले अजीर्ण, मग ह्युब्रिस, मग आते म्हणजे बुद्धिभ्रंश आणि शेवटी नेमेसिस, दैवी शासन. चारही शब्द अस्सल आणि जुने आहेत. त्यांचा हा जिना मात्र पुढच्या काळातल्या लोकांनी बांधला. इ.स.पू. सहाव्या शतकातला अथेन्सचा कवी आणि कायदेकर्ता सोलन याच्या ओळींत दोनच पायऱ्या आहेत : ज्यांची अक्कल ठिकाणावर नाही अशांच्या हाती बक्कळ धन आले की कोरोसच्या पोटी ह्युब्रिस जन्मते. ग्रीकांनी इराणी आरमाराला हरवले त्या सालामिसच्या लढाईनंतर आठ वर्षांनी, इ.स.पू. ४७२ मध्ये, ईस्किलसने इराणी पराभवावर नाटक केले. त्यात दिवंगत इराणी राजा दरायसचे भूत सांगते की ह्युब्रिस फुलली, तिला आतेचे कणीस लागले आणि कापणीला अश्रू आले. इथेही दोनच.

जिन्यापेक्षा मोठा घोटाळा दुसऱ्या पायरीवरच्या शब्दाचा आहे. मराठीत त्याला सर्रास ‘गर्व’ किंवा ‘अहंकार’ म्हणतात. गर्व मनात असतो, तो कुणाला न दुखावताही बाळगता येतो. अथेन्समध्ये मात्र ह्युब्रिस हा गुन्हा होता, त्यावर खटला चाले. आणि मनातल्या भावनेवर कोणी फिर्याद करत नाही.

हा कायदा नीट पाहण्यासारखा आहे. साधी मारहाण झाली तर मार खाणाऱ्यानेच खाजगी दावा लावायचा. त्यात पहिला हात कोणी उचलला, हा मुद्दा निर्णायक ठरे. ह्युब्रिसची फिर्याद सार्वजनिक असे. पीडित कोणीही असो, मूल, बाई, गुलामसुद्धा, अथेन्सचा कुठलाही पात्र नागरिक फिर्याद देऊ शके. शिक्षा आधीपासून ठरलेली नव्हती, ती न्यायमंडळ ठरवी आणि ती मृत्युदंडापर्यंत जाऊ शके. उलट बाजूही होती. फिर्यादीला एक पंचमांश मतेही पडली नाहीत तर त्यालाच १००० द्राख्मा दंड बसे. त्यामुळे प्रकरण उघड ह्युब्रिसचे असले तरी लोक अनेकदा साध्या मारहाणीचा दावा लावत.

अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनीस याने एका तरुणासाठी लिहून दिलेले भाषण याच पेचातून आले आहे. काही जणांनी त्याला संध्याकाळी गाठले, अंगावरचे वस्त्र ओढून काढले, चिखलात लोळवले, ओठ फाडला, डोळे सुजून मिटेपर्यंत मारले. त्यांच्यातला एक प्रौढ गृहस्थ मग झुंज जिंकलेल्या कोंबड्यासारखा आरवू लागला. सोबत्यांच्या सांगण्यावरून तो कोपरे बरगड्यांवर पंखांसारखी फडफडवत होता. आप्तेष्टांनी तरुणाला सल्ला दिला : वयाला झेपणार नाही असा खटला अंगावर घेऊ नकोस. म्हणून त्याने मारहाणीचाच दावा लावला, पण भाषणभर तो ह्युब्रिसकडे बोट दाखवतो. फाटलेला ओठ मारहाणीत मोडतो. ह्युब्रिस आहे ती त्या आरवण्यात.

ॲरिस्टॉटलची व्याख्याही हेच सांगते. समोरच्याची मानहानी होईल असे करणे वा बोलणे, तेही पदरात काही पाडून घेण्यासाठी नव्हे, निव्वळ त्यातल्या सुखासाठी. परतफेड म्हणून केलेली गोष्ट ह्युब्रिस नव्हे. आणि हे लक्षण तरुणांत आणि श्रीमंतांत जास्त, कारण दुसऱ्याला खाली दाबले की आपण वर आहोत असे त्यांना वाटते.

याला मराठीत नेमका शब्द आहे : माज. पैशाचा माज, सत्तेचा माज. बैल माजतो, रान माजते. ग्रीकमध्येही हा शब्द झाडांना लागत असे. फळ न धरता नुसते फोफावणाऱ्या बदामाच्या खोडात लोखंडी खुंटी ठोकायची, मग ती काढून त्या भोकात ओकच्या लाकडाची बसवायची, असा उपाय ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रॅस्टस याने नोंदवला आहे. काही लोक त्याला झाडाला ‘शिक्षा करणे’ म्हणत, कारण त्याने झाडाची ह्युब्रिस उतरते.

हा अर्थ धरला की वीरांच्या कथा वेगळ्या दिसू लागतात. ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या इलियड या महाकाव्यात हा शब्द फार थोड्या वेळा येतो. पहिल्याच सर्गात ग्रीक वीर अकिलीज तो सेनापती ॲगमेम्नॉनसाठी वापरतो : युद्धात वाट्याला आलेली ब्रिसेइस हिरावून घेण्याची धमकी देऊन त्याने केलेला चारचौघांतला अपमान, ती ह्युब्रिस. ट्रॉयचा वीर हेक्टर रात्रीच्या सभेत आपला सोबती पॉलिडॅमस याचा शहरात परतण्याचा सल्ला झिडकारतो. मग वेशीबाहेर एकटा उभा असताना आपणच लोकांचा घात केला हे कबूल करतो. तिथे त्याच्या तोंडी अतास्थालिया, म्हणजे बेगुमान अविचार, हा शब्द आहे. अकिलीजचा मित्र पॅट्रोक्लस तीनदा ट्रॉयच्या तटावर चढतो आणि चौथ्यांदा अपोलो देव त्याला दरडावतो. तिथेही ह्युब्रिसचे नाव निघत नाही.

‘वीराचा गर्व आणि पतन’ हे सूत्र पुष्कळसे दुसऱ्याच एका शब्दाच्या प्रवासातून आले. काव्यशास्त्राच्या तेराव्या प्रकरणात ॲरिस्टॉटल म्हणतो की नायक दुष्टपणामुळे नव्हे, हामार्तियामुळे, म्हणजे चुकीमुळे, कोसळतो. होमरमध्ये याच धातूचे क्रियापद भाल्याचा नेम चुकला की येते. नव्या करारात हामार्तिया म्हणजे पाप झाले, आणि ख्रिस्ती परंपरेत पापांचे मूळ गर्व. पुढे शेक्सपियरच्या नायकांत स्वभावदोष हुडकण्याची पद्धत वर्गांत रुजली आणि इंग्रजी अभ्यासक्रमांबरोबर आपल्याकडे आली. नेम चुकण्याचे ‘दोष’ झाले आणि त्या दोषाला ह्युब्रिस हे नाव मिळाले. काव्यशास्त्र मात्र नायकाच्या पतनाचे कारण म्हणून ह्युब्रिस कुठेही सांगत नाही.

सोफोक्लीजच्या ईडिपस या नाटकात तर वाद अक्षरांवर आला आहे. ८७३व्या ओळीत हस्तलिखितांप्रमाणे वृंदगान म्हणते, ह्युब्रिस जुलमी राजाला जन्म देते. काही संपादकांनी शब्दांची शेवटची अक्षरे बदलून ती उलटी वाचली : जुलमी सत्ता ह्युब्रिसला जन्म देते. पहिल्या वाचनात माज आधी आणि सत्ता नंतर, दुसऱ्यात सत्तेतून माज. हस्तलिखितांचा पाठ जसा आहे तसाही नीट अर्थ देतो, म्हणून तो बदलण्याची गरज नाही.

१९९२ साली आलेल्या एका जाडजूड ग्रंथाने ह्युब्रिस म्हणजे हेतुपूर्वक मानहानी, हा अर्थ पक्का केला. चार वर्षांनी त्यावर आक्षेप आला की ‘मोठे समजणे’, मेगा फ्रोनेइन, हीसुद्धा ह्युब्रिसच, कारण स्वतःला फुगवले की समोरचा, विशेषतः देव, आपोआप लहान होतो. या आक्षेपात तथ्य आहे. सोफोक्लीजच्या दुसऱ्या एका नाटकातला ट्रॉयच्या युद्धातला वीर अजॅक्स बापाला म्हणतो, देवांच्या साथीने कोणी कवडीमोलाचा माणूसही जिंकेल, मी देवांवाचून जिंकेन. युद्धात पाठीशी आलेल्या अथीना देवीलाच तो इतरांकडे जाऊन उभी राहा असे सांगतो. इथे गर्व आणि मानहानी वेगळे काढता येत नाहीत.

त्याच नाटकात पुढे अजॅक्सचे प्रेत पडलेले आहे आणि ॲगमेम्नॉनचा भाऊ मेनेलॉस दफनाला मनाई करतो. तो म्हणतो, आधी हा तापट ह्युब्रिस्तेस, म्हणजे ह्युब्रिस करणारा, होता, आता मोठे समजण्याची पाळी माझी. यावर वृंद त्याला बजावतो : इतकी शहाणपणाची वचने सांगून स्वतःच मेलेल्यांवर ह्युब्रिस्तेस होऊ नकोस. अनुवादात ‘गर्विष्ठ’ घातले की हे उत्तर लुळे पडते, कारण प्रेतावर गर्व करता येत नाही. माज करता येतो.